डिस्कससाठी झाडांची टाकी: जिचं काम आठवड्यातून एकदाच निघतं

डिस्कस या माशाला 28 ते 30 अंश तापमान लागतं आणि टाकीत लावायची बहुतेक झाडं 22 ते 26 अंशांत बरी वाढतात. माशाला तळ मोकळा आणि स्वच्छ हवा, झाडांना मुळं रोवायला माती हवी. माशाला मंद उजेड आणि संथ पाणी मानवतं. झाडं भराभर वाढवायची तर उजेड, खत, कार्बन डायऑक्साइड सगळंच चढतं ठेवावं लागतं. टाकी मांडताना हे तिढे सोडवले नाहीत तर पुढे दर आठवड्याला ते सोडवत बसावं लागतं. म्हणून या टाकीसाठी आम्ही एकच नियम धरला: जी गोष्ट दर आठवड्याला काम मागेल ती आत घालायची नाही. पाणी बदलणं तेवढं राहणारच होतं. डिस्कसच्या टाकीत त्यातून सुटका नाही.

टाकीचं माप 120 सेंटिमीटर लांब, 50 रुंद, 60 उंच. काच 12 मिलिमीटर. पूर्ण वाढलेला डिस्कस 15 ते 18 सेंटिमीटरचा होतो आणि त्याचा आकार ताटलीसारखा उभा असल्यामुळे टाकीची उंची त्याला खरोखर उपयोगी पडते. मापं गुणली की 360 लिटर येतात. पण काचेची जाडी, तळाची वाळू, लाकूड आणि वर सोडलेली 4 सेंटिमीटर जागा वजा केल्यावर प्रत्यक्षात पाणी बसलं सुमारे 290 लिटर. पहिल्यांदा भरताना बादल्या मोजून हा आकडा लिहून ठेवा; पुढे औषध, खत, सोडा, सगळं याच आकड्यावर मोजायचं असतं आणि 360 धरलं तर प्रत्येक मात्रा जवळपास पाव पटीने जास्त पडते. वजनाचाही हिशेब करा: पाणी 290 किलो, काच 80, वाळू 28, स्टँड आणि लाकूड मिळून 45 किलो, म्हणजे साडेचारशेला थोडं कमी. स्टँड पाणसळ लावून दोन्ही दिशांनी सपाट केला आणि टाकीखाली 10 मिलिमीटर थर्मोकोल घातलं. फळीवर राहिलेला एखादा खडासुद्धा काचेच्या एकाच ठिकाणी सगळा भार आणतो.

माशांचा निर्णय टाकी भरण्याआधीच घेतला: सहा डिस्कस, तेही 12 सेंटिमीटरच्या वरचे. सगळ्यांत जास्त काम याच निर्णयाने वाचलं. पाच-सहा सेंटिमीटरची पिल्लं स्वस्तात मिळतात, पण त्यांना दिवसातून चार-पाच वेळा खायला आणि जवळपास रोज पाणी बदलून द्यावं लागतं. तसं केलं नाही तर ती खुजी राहतात, डोळे मोठे आणि शरीर लहान दिसतं, आणि ते पुढे भरून निघत नाही. पिल्लं वाढवायला रिकाम्या तळाची साधी टाकी हवी. झाडांच्या टाकीत त्यांना आणायचं ते मोठी झाल्यावर. संख्येचंही कारण आहे. दोन-तीन डिस्कस असले की एक दादा होतो आणि सगळ्यांत कमजोर माशाला कोपऱ्यात कोंडतो. सहा असले की त्रास वाटला जातो. आणि एका मोठ्या माशाला किमान 40 लिटर धरले तर 290 लिटरला सहा हीच संख्या बसते, सोबतच्या लहान माशांसाठी थोडी सूट ठेवून.

तळाला 0.5 ते 1 मिलिमीटर दाण्याची वाळू, 3 सेंटिमीटरचा थर, त्याला 28 किलो लागली. डिस्कस वाळूवर तोंडाने पाण्याचा झोत मारून अन्न उकरतो, त्यामुळे बारीक वाळूवरचं उष्टं वरच राहतं आणि नळीने ओढून काढता येतं. तीन-चार मिलिमीटरच्या खडीत तेच अन्न दाण्यांमध्ये जाऊन सडतं. वाळू धुण्याआधी मूठभर घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाकून पाहिलं. बुडबुडे आले तर वाळूत शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडी आहे आणि ती पाणी सतत जड करत राहणार. झाडांसाठी विकत मिळणारी पोषक माती मुद्दाम टाळली. ती पहिल्या काही आठवड्यांत अमोनिया सोडते, पाण्यातली क्षारता खाते आणि पुढे तिचे गोळे फुटून चिखल होतो. झाडांच्या स्पर्धेच्या टाकीत ती योग्य आहे, इथे नाही.

मग मुळं रोवणारी झाडं लावायची कुठे? मातीच्या पसरट कुंड्यांत. 15 सेंटिमीटर तोंडाच्या, न रंगवलेल्या तीन कुंड्या घेतल्या. खाली 5 सेंटिमीटर साधी चिकणमाती, तीत खताच्या दोन गोळ्या, वर 2 सेंटिमीटर वाळू. त्यांत ॲमेझॉन स्वोर्ड लावले. या झाडाचं मूळ फार पसरतं. थेट वाळूत लावलं तर वर्षभरानंतर उपटताना अर्धी टाकी गढूळ होते. कुंडी तशीच्या तशी उचलता येते. कुंडीसमोर दोन दगड टेकवले की ती दिसतही नाही.

बाकीची झाडं लाकडावर. ॲनुबियसचे सहा गड्डे आणि जावा फर्नचे चार. दोघांचंही आडवं खोड उघडं राहिलं पाहिजे, वाळूत पुरलं की ते कुजतं. दोऱ्याने बांधण्यापेक्षा घट्ट जेलसारखा सायनोॲक्रिलेट गोंद सोपा पडला: लाकडावर मटारएवढा थेंब, खोड दहा सेकंद दाबून धरायचं, लगेच पाण्यात. मागच्या काचेलगत व्हॅलिसनेरियाची वीस रोपं आणि मध्ये क्रिप्टोकोरिन वेंडटाय वाळूतच लावली, प्रत्येक गटाखाली खताची एक गोळी. टाकीच्या वरच्या कडेला मनी प्लांटचे चार तुकडे अडकवले, पानं बाहेर आणि मुळं पाण्यात. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याला फुकट मिळतो, त्यामुळे नायट्रेट, म्हणजे माशांच्या घाणीतून शेवटी पाण्यात उरणारा पदार्थ, ओढण्यात पाण्याखालचं कुठलंच झाड त्याची बरोबरी करत नाही. ही मांडणी अस्सल ॲमेझॉनची नाही, हे मान्य. ॲनुबियस आफ्रिकेचं आणि जावा फर्न आग्नेय आशियातलं. पण गरम पाण्यात, कमी उजेडात, कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीशिवाय वर्षानुवर्षं तग धरणारी झाडं मोजकीच आहेत.

कार्बन डायऑक्साइडची बाटली का नाही? 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 30 अंशांना 7.6. पाणी आधीच ऑक्सिजनला कमी, मासे मोठे, त्यात नियंत्रण चुकून कार्बन डायऑक्साइड वाढला तर मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. शिवाय झाडं वेगाने वाढली की दर आठवड्याला कात्री चालवावी लागते, म्हणजे ज्या कामापासून सुटायचं तेच परत.

तापमान 28.5 अंशांवर ठरवलं. तीस अंशांना जावा फर्नची पानं काळी पडू लागतात, आणि मोठ्या, निरोगी डिस्कसला 28 अंश पुरतात. 30 आणि त्यावरचं तापमान पिल्लांसाठी आणि आजारपणासाठी राखून ठेवायचं. हीटर 300 वॅटचा एक घेण्याऐवजी 150 वॅटचे दोन घेतले. हीटर खराब होतो तेव्हा पुष्कळदा त्याचा थर्मोस्टॅट चालू अवस्थेत चिकटतो. 300 वॅटचा हीटर 290 लिटर पाणी तासाला सुमारे 0.9 अंशाने तापवू शकतो, म्हणजे रात्रीत मासे शिजतील. 150 वॅटचा एक चिकटला तर वाढ निम्म्या वेगाने होते, आणि टाकीतून बाहेर जाणारी उष्णता तिला बरंच रोखते. दोन्ही हीटर एका बाहेरच्या तापमान नियंत्रकातून जोडले. म्हणजे एक थर्मोस्टॅट फसला तरी दुसरा वीज तोडतो.

फिल्टर ताशी 1200 लिटरचा कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा. आत स्पंज आणि सिरॅमिक रिंग भरल्यावर प्रत्यक्ष प्रवाह 800 च्या आसपास येतो, तेवढा पुरतो. त्याच्या पाणी ओढणाऱ्या तोंडाशी एक जाड स्पंज बसवला आणि हा बारीकसा भाग फार मोलाचा ठरला: माशांची घाण आणि पानांचे तुकडे तिथेच अडतात, आठवड्याला दोन मिनिटांत तो पिळून धुतला की कॅनिस्टर अडीच-तीन महिने उघडावा लागत नाही. पाणी सोडणारी छिद्रांची नळी मागच्या काचेकडे वळवली, म्हणजे प्रवाह काचेवर आपटून मोडतो आणि मासे शांत पाण्यात राहतात. जोडीला एअर पंपावरचा साधा स्पंज फिल्टर ठेवला. वीज गेली तर बॅटरीच्या एअर पंपावर तो चालतो. बंद पडलेल्या कॅनिस्टरमध्ये मात्र काही तासांत ऑक्सिजन संपतो आणि जिवाणू मरू लागतात. वीज आल्यावर त्यातलं कुजकं पाणी आधी बादलीत ओतून टाका, मगच सुरू करा.

दिवा लिटरमागे 15 ते 20 ल्युमेनचा, टायमरवर, पहिले सहा आठवडे फक्त 6 तास आणि नंतर 7. दिवा एकदम लागला की डिस्कस दचकून काचेवर धडकतात. म्हणून हळूहळू उजळणारा कंट्रोलर लावला. तो नसेल तर खोलीतला दिवा अर्धा तास आधी लावावा.

आता पाण्याची तयारी, जिथे सगळ्यात जास्त घाई होते आणि सगळ्यात जास्त मासे मरतात. झाडं पहिल्याच दिवशी लावली, मासे मात्र सातव्या आठवड्यात आले. माशांच्या घाणीतून विषारी अमोनिया सुटतो; फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते मासे येण्याआधी वाढवावे लागतात. मधल्या काळात या जिवाणूंना अमोनिया पुरवण्यासाठी शुद्ध अमोनियम क्लोराइड वापरलं. 290 लिटरमध्ये 2 मिलिग्रॅम प्रति लिटर पातळी आणायला 1.7 ग्रॅम लागतं. नवसागर म्हणून जो खडा मिळतो तो हाच पदार्थ, पण त्यात इतर काय मिसळलंय याचा भरवसा नाही, तेव्हा प्रयोगशाळेच्या दर्जाचंच घ्यावं. अमोनिया उतरला की पुन्हा तेवढाच घालायचा.

चौथ्या आठवड्यात काम अडलं. नायट्राइट उतरेना, अमोनियाही जागचा हलेना. पीएच मोजला तर 7.2 वरून 6.1 वर आलेला. कारण सरळ आहे: जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना आम्ल तयार करतात आणि ते पाण्यातली क्षारता, म्हणजे केएच, खातं. वरच्या मात्रेचा हिशेब केला तर दर वेळी सुमारे 0.6 अंश केएच जातो. आपलं पाणी 3 केएचचं असेल तर पाच मात्रांत खजिना रिकामा. पीएच 6.5 च्या खाली गेला की हे जिवाणू सुस्तावतात. उपाय खायच्या सोड्याचा: 290 लिटरचा केएच 1 अंशाने वाढवायला 9 ग्रॅम सोडा. आम्ही 18 ग्रॅम पाण्यात विरघळवून घातला आणि तीन दिवसांत नायट्राइट पडायला लागला. दिवसाकाठी लिटरमागे 2 मिलिग्रॅम अमोनिया घालून दुसऱ्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, सलग चार दिवस आले, तेव्हा तयारी पूर्ण मानली आणि 70 टक्के पाणी बदललं.

या काळात टाकी फार कुरूप दिसते आणि तिला हात लावायचा नसतो. लाकडावर पांढरा, बुळबुळीत थर येतो. तो निरुपद्रवी असतो, दोन-तीन आठवड्यांत जातो. काचेवर आणि वाळूवर तपकिरी शेवाळ येतं, तेही ओसरतं. क्रिप्टोकोरिनची पानं विरघळल्यासारखी गळतात. झाड मेलं समजून उपटू नका. मूळ शाबूत असतं आणि महिन्याभरात नव्या पाण्याला सरावलेली पानं फुटतात. व्हॅलिसनेरियाच्या बाबतीत एक खबरदारी: शेवाळ मारायची ग्लुटराल्डिहाइडवाली द्रव औषधं तिला सोसत नाहीत.

नळाचं पाणी आमच्याकडे 10 केएचचं. दोन भाग आरओचं आणि एक भाग नळाचं मिसळलं की साडेतीनच्या आसपास येतं. शुद्ध आरओ कधीच वापरायचं नाही, त्यात क्षारताच नसते आणि वर सांगितलेली पडझड माशांच्या देखत होते. खरं तर मत्स्यपालन केंद्रात पैदा झालेले डिस्कस पीएच 7 ते 7.5 च्या, मध्यम जड पाण्यात उत्तम राहतात. मऊ पाणी खरोखर लागतं ते अंडी फळायला. रोज बदलणाऱ्या ‘आदर्श’ पीएचपेक्षा स्थिर पीएच बरा. नदीतून पकडलेल्या माशांची गोष्ट वेगळी, विशेषतः रिओ निग्रोच्या काळ्या पाण्यातल्या हेकेल डिस्कसची, ज्याचं शास्त्रीय वर्णन योहान याकोब हेकेल यांनी 1840 मध्ये केलं. त्याला अतिशय मऊ, आम्लधर्मी पाणी लागतं. कमी कामाच्या टाकीत तो ठेवू नये.

मासे आणताना क्रम असा: आधी 20 कार्डिनल टेट्रा आणि 8 स्टर्बाय कोरिडोरस, चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून. निऑन टेट्रा घेऊ नका, हे तापमान त्याला जड जातं. कार्डिनलही पुरते वाढलेले घ्या, नाहीतर डिस्कस त्यांना गिळतो. काच आणि लाकूड चाटायला दोन ब्रिसलनोज. मोठा होणारा साधा प्लेको टाळा. तो रात्री डिस्कसच्या अंगावरचा चिकट थर चाटतो आणि जखमा करतो. एंजलफिशही नको, तो आक्रमकपणे खातो आणि डिस्कसला लागणारे परजीवी स्वतः सुखाने वागवतो.

सहाही डिस्कस एकाच ठिकाणाहून, एकाच दिवशी. दोन ठिकाणचे मासे एकत्र केले की एकमेकांचे जंतू एकमेकांना नवे असतात. त्यांनाही वेगळ्या, रिकाम्या तळाच्या टाकीत चार आठवडे ठेवलं. एक मासा काळवंडला, कोपऱ्यात तोंड करून उभा, विष्ठा पांढरी आणि दोरीसारखी: आतड्यातल्या परजीवींची ही नेहमीची खूण, आणि त्यावर मेट्रोनिडाझोल चालतं. माशांच्या डॉक्टरकडून मात्रा घेऊन उपचार तिथेच केला. झाडांच्या टाकीत औषध ओतलं तर वाळू आणि लाकूड ते शोषतं आणि फिल्टरचे जिवाणूही धोक्यात येतात.

पिशवीतून काढताना तासन्‌तास थेंब थेंब पाणी सोडण्याची पद्धत लांबच्या प्रवासानंतर घातक ठरते. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो आणि साचलेला अमोनिया कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो. 30 अंशांना पीएच 7 असताना अमोनियाचा 0.8 टक्के भाग विषारी असतो, पीएच 8 ला 7 टक्क्यांहून जास्त. म्हणून बंद पिशवी 20 मिनिटं तरंगवून तापमान जुळवायचं, मग उघडून लगेच मासा जाळीने टाकीत, पिशवीचं पाणी बाहेर. त्या टाकीचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मात्र पिशवीच्या पाण्याच्या जवळपास आधीच आणून ठेवायचा. पहिला दिवस दिवा बंद, खाणं बंद. दोन-तीन दिवस ते लपतात, काळे दिसतात. त्यावर लगेच औषध सुरू करू नये.

खाणं दिवसातून दोनदा, पाच मिनिटांत संपेल एवढंच. एक-दीड मिलिमीटरचे बुडणारे दाणे आणि आठवड्यातून तीनदा गोठवलेलं खाद्य. आठवड्यात एक दिवस उपास. गाईच्या हृदयाच्या मांसाचं मिश्रण पिल्लं फुगवायला वापरतात, पण ते पाणी इतकं नासवतं की या टाकीत त्याला जागा नाही.

आठवड्याचं काम एकाच दिवशी, साधारण तासाभराचं. आदल्या दिवशी 150 लिटरच्या पिंपात मिश्र पाणी भरून त्यात एअर स्टोन आणि हीटर सोडायचा. नळाच्या पाण्यात पुष्कळदा वायू दाबाखाली विरघळलेले असतात, ते 24 तासांत निघून जातात आणि खरा पीएच तेव्हाच कळतो. क्लोरीन उडतो, क्लोरामाइन उडत नाही. त्यासाठी सोडियम थायोसल्फेट लागतं, पण ते क्लोरामाइन फोडताना अमोनिया मोकळा करतं, म्हणून तिथे अमोनियाही बांधणारं द्रव्य वापरावं. बदलाच्या दिवशी सगळ्यांत आधी टाकीचे हीटर बंद. उघडा पडलेला तापता हीटर थंड पाणी लागताच तडकतो. मग नळीने वाळूवरची घाण ओढत 115 लिटर, म्हणजे 40 टक्के पाणी बाहेर, तोंडाचा स्पंज टाकीच्या काढलेल्या पाण्यात पिळायचा, आणि पिंपातल्या पंपाने पाणी वर. बादल्या उचलाव्या लागल्या तर तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो. पंप आणि नळी ही या टाकीतली सगळ्यांत उपयोगी खरेदी.

पाणी बदलल्यावर पोटॅशियम सल्फेट 3 ग्रॅम आणि सूक्ष्म खत बाटलीवर लिहिलेल्याच्या निम्मं. नायट्रेट आणि फॉस्फेट माशांच्या खाण्यातून भरपूर येतात, पोटॅशियम येत नाही. जावा फर्नच्या जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडू लागली तेव्हा हे ध्यानात आलं. मात्रा सुरू केल्यावर नव्या पानांना भोकं नव्हती. जुनी भरत नाहीत, कापून टाकावी लागतात.

चौथ्या महिन्यात छिद्रांच्या नळीवर आणि ॲनुबियसच्या पानांच्या कडांवर काळं, दाढीसारखं शेवाळ आलं. कॅनिस्टर उघडला तर खालच्या थाळीत गाळ साचलेला. तो धुतला, प्रादुर्भाव झालेली पानं काढली, ॲनुबियसवर तरंगत्या साल्व्हिनियाची सावली आणली. तीन आठवड्यांत वाढ थांबली. तोंडाच्या स्पंजाच्या भरवशावर तीन महिने ओलांडू नयेत. त्याच सुमाराला एका कोपऱ्यात प्रवाहाने वाळूचा सहा सेंटिमीटरचा ढीग केला होता, आत काळा पट्टा आणि कुजलेल्या अंड्याचा वास. असा ढीग एकदम उकरू नये, हायड्रोजन सल्फाइड सुटतो. पाणी बदलताना नळीचं तोंड तिथेच धरून, थोडा थोडा, दोन-तीन आठवड्यांत काढला.

आता नायट्रेट आठवड्याच्या शेवटी लिटरमागे 15 ते 20 मिलिग्रॅमच्या आत राहतं. दोन महिन्यांतून एकदा व्हॅलिसनेरियाचे धावते कोंब उपटायचे आणि मनी प्लांटची मुळं हातभर झाली की निम्मी कापायची, नाहीतर ती फिल्टरच्या तोंडात शिरतात. स्वोर्डच्या कुंडीत खताची गोळी दर तीन महिन्यांनी; नवी पानं फिकट पिवळी निघायला लागली तर थोडी आधी.